भांग, गांजा आणि ‘कारण’ नावाचा रकाना

अकोल्याला विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही एक जुनीच युक्ती वापरली होती. शिबिरापूर्वी शिक्षकांनी आपापल्या नववी-दहावीच्या वर्गांत कोरे कागद वाटले आणि व्यसनांविषयी मनात असलेला कोणताही प्रश्न नाव न घालता लिहून देण्यास मुलांना सांगितले. पिशवीभर चिठ्ठ्या जमल्या. वऱ्हाडातल्या चिठ्ठ्या असल्यामुळे निम्म्याहून अधिक खर्ऱ्याविषयी निघाल्या, यात नवल नव्हते. काही दारूविषयी होत्या. गांजाविषयीच्या चिठ्ठ्या अगदी थोड्या होत्या. परंतु शिक्षकांना निरुत्तर केले ते त्याच चिठ्ठ्यांनी.

एकीत लिहिले होते, ‘महाशिवरात्रीले भांग चालते, त गांजा काऊन नाही? झाड त एकच हाय.’ दुसरीत, ‘गांजा ओढल्याने माणूस वेडा होतो हे सिद्ध झाले आहे काय?’ तिसरी भीतभीत लिहिलेली दिसत होती: ‘शेगावच्या महाराजांच्या हातात चिलीम आहे, मग ती वाईट कशी?’

यावर शिक्षकांत दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, ‘गांजा म्हणजे विष, एवढे सांगून विषय संपवावा.’ दुसऱ्याचे म्हणणे, ‘ती तर वनस्पती आहे, दारूपेक्षा बरी; उगाच बाऊ कशाला?’ आमच्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि पहिले अधिक धोक्याचे आहे. गांजा ओढणारा एखादा धडधाकट माणूस प्रत्येक मुलाने गावात पाहिलेला असतो. आपण ‘विष’ म्हटले की तो माणूस त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो आणि त्यानंतर आपण सांगू त्या कशावरच त्याचा विश्वास बसत नाही.

पहिल्या चिठ्ठीपासून सुरुवात करू. झाड एकच, हे खरे. कॅनाबिस या वनस्पतीत नर आणि मादी झाडे सहसा वेगळी असतात. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर अत्यंत बारीक ग्रंथी असतात आणि त्यांत चिकट राळ साठते. नशा आणणारे द्रव्य या राळेत असते. पाने वाटून केली ती भांग, वाळवलेला फुलोरा तो गांजा आणि खरवडून वा चोळून काढलेली राळ ती चरस. म्हणजे झाड एक असले तरी या तीन पदार्थांत द्रव्याचे प्रमाण चढत्या क्रमाने वाढत जाते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने हाच भेद धरला आहे. त्याच्या व्याख्येत चरस आणि फुलोरा येतात. फुलोऱ्याशिवायची नुसती पाने आणि बिया येत नाहीत. म्हणून भांग त्या कायद्यातून सुटते. पण महाराष्ट्रात ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते आणि परवान्याशिवाय ती बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. तेव्हा ‘भांग चालते’ हे त्या मुलाचे विधान आपल्याकडे अर्धेच खरे आहे. गांजा जवळ बाळगण्याची आणि ओढण्याची शिक्षा मात्र थेट १९८५ च्या कायद्याखाली होते. कपाशी-तुरीच्या ओळींत चार झाडे लावणाऱ्या शेतकऱ्यालाही तो कायदा लागू आहे, हे खेड्यातल्या मुलांना माहीत असलेले बरे.

आता हे द्रव्य शरीरात काय करते ते पाहू. त्याचे नाव टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, थोडक्यात टीएचसी. इस्राएलमधील राफाएल मेशुलाम व येहिएल गाओनी यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे करून १९६४ साली त्याची रचना निश्चित केली. एका वनस्पतीतले द्रव्य मेंदूवर परिणाम करते, त्या अर्थी मेंदूत ते ओळखणारे काहीतरी असलेच पाहिजे. तसे ग्राहक-प्रथिन १९८८ च्या सुमारास सापडले. मग पुढचा प्रश्न आला. निसर्गाने हे प्रथिन गांजेकसांसाठी तर निर्माण केले नसणार. मग शरीराचे स्वतःचे कोणते द्रव्य त्यावर बसते? ते १९९२ साली मिळाले. मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून त्याला ‘अनंदामाइड’ असे नाव दिले.

या व्यवस्थेचे काम वर्गात समजावून सांगायला वऱ्हाडात उत्तम उदाहरण आहे. विहिरीवर मोटार चालू आहे, एक माणूस मोटारीजवळ आहे आणि दुसरा वावराच्या दुसऱ्या टोकाला पाणी वळवतो आहे. तिकडची सरी भरली की तो ओरडतो, ‘बंद कर!’ पाणी इकडून तिकडे जाते, निरोप मात्र तिकडून इकडे येतो. दोन चेतापेशींमध्ये नेमके असेच घडते. संदेश घेणाऱ्या पेशीला पुरेसा संदेश मिळाला की ती स्वतःचे द्रव्य सोडून पाठवणाऱ्या पेशीला ‘आता आवर’ असे कळवते. हा निरोप अगदी मोजका असतो, गरजेच्या जागी आणि क्षणभर. टीएचसी रक्तातून आले की साऱ्या शिवारात सगळीकडून एकदमच ‘बंद कर, बंद कर’ असा ओरडा सुरू होतो आणि तो काही तास चालतो. कुठे पाणी पोचले आणि कुठे नाही, हे मोटारीवरच्या माणसाला कळेनासे होते.

ही ग्राहक-प्रथिने मेंदूत कोठे दाटीने आहेत यावरून नशेची लक्षणे जवळजवळ ओळखता येतात. स्मृती घडवणाऱ्या भागात ती आहेत, म्हणून नुकतेच बोललेले वाक्य विसरते. तोल व हालचाल सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्कात आहेत, म्हणून हात-पाय ठिकाणावर राहत नाहीत. भूक नियंत्रित करणाऱ्या भागात आहेत, म्हणून खा-खा सुटते. श्वासोच्छ्वास चालवणाऱ्या मस्तिष्क-पुच्छात मात्र ती फार विरळ आहेत. त्यामुळे अफूच्या अतिसेवनाने श्वास थांबून माणूस मरतो, तसे गांजाने घडत नाही. ही गोष्ट मुलांपासून लपवू नये. ती खरी आहे. ‘मरत नाही’ म्हणजे ‘बाधत नाही’ असे नव्हे, हेही त्याच दमात सांगता येते.

दुसऱ्या चिठ्ठीवर, वेडाच्या प्रश्नावर, आम्हाला अधिक थांबायचे आहे. कारण त्या प्रश्नाचा इतिहास आपल्या भागातूनही जातो.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये गांजाविषयी प्रश्न उपस्थित झाला आणि हिंदुस्थान सरकारने एक आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग अध्यक्ष असलेल्या या सात जणांच्या आयोगात तीन सदस्य हिंदी होते. आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. त्या काळी वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटच्या कारभाराखाली होते. मध्यप्रांताला ते १९०३ मध्ये जोडले गेले. गांजा सरकारी परवान्याच्या दुकानात उघडपणे विकला जाई, त्यावर कर होता आणि मध्यप्रांतातील खांडव्याचा गांजा प्रसिद्ध होता. वऱ्हाडचे ‘वेड्यांचे इस्पितळ’ (शब्द त्या काळचा) अमरावतीला होते. देशातील अशा इस्पितळांचे वार्षिक अहवाल निघत आणि गांजाने वेड लागते या समजाचा मुख्य आधार हेच अहवाल होते. दरवर्षी इतके रुग्ण आले, पैकी इतके गांजामुळे, असा तक्ताच त्यांत असे. आकडे छापलेले, सरकारी. शंका कोण घेणार?

आयोगाने ती घेतली आणि याबद्दल आम्हाला त्या साहेबांचे मनापासून कौतुक वाटते. तक्त्यातला आकडा कोठून आला, हे शोधत ते उलट दिशेने गेले. रुग्णासोबत एक छापील फॉर्म येई. त्यात ‘वेडाचे कारण’ असा रकाना असे. तो भरायचा कोणी? बहुधा रुग्णाला पकडून आणणाऱ्या पोलिसाने किंवा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीने. रुग्ण रस्त्यात भटकताना सापडलेला, नातेवाईक दूर, पूर्वेतिहास अज्ञात. रकाना तर रिकामा ठेवता येत नाही. माणूस गांजा ओढतो असे कोणी सांगितले, की ‘गांजा’ लिहून मोकळे. इस्पितळातील कारकून तेच आपल्या वहीत उतरवी आणि वर्षअखेर तेच तक्त्यात छापले जाई. १८९२ सालच्या १३४४ दाखल रुग्णांपैकी २२२ जणांपुढे गांजा-भांग हे कारण नोंदलेले होते. आयोगाने एकेका प्रकरणाची पुन्हा चौकशी करविली तेव्हा त्यांतील ९८ प्रकरणेच कशीबशी टिकली आणि त्यांतही काहींना दुसरी कारणे जोडलेली होती. निम्म्याहून अधिक ‘पुरावा’ म्हणजे एका रकान्याची सोय होती.

मर्यादित सेवनाने सहसा इजा होत नाही, अतिसेवनाने होते, विशेषतः मनाने आधीच दुबळ्या असलेल्या माणसाला. पूर्ण बंदी न घालता कर व परवाने यांनी आळा घालावा, असा निष्कर्ष आयोगाने काढला. दोघा हिंदी सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. या करातून सरकारला उत्पन्न होत होते, हेही विसरू नये.

‘म्हणजे गांजाने वेड लागत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले तर!’ असे शिबिरातील एक तरुण शिक्षक म्हणाले. नाही. आयोगाने एवढेच दाखवले की तो पुरावा पुरावा नव्हता. चुकीच्या पुराव्याने मांडलेले विधान आपोआप खोटे ठरत नाही. ते फक्त अनिर्णित राहते. हा मुद्दा विज्ञानाच्या तासाला सोन्यासारखा आहे. फळ्यावर चार चौकटी काढाव्यात: गांजा ओढणारे आणि आजारी, ओढणारे आणि निरोगी, न ओढणारे आणि आजारी, न ओढणारे आणि निरोगी. इस्पितळाचा तक्ता यांपैकी फारतर पहिली चौकट भरतो. ‘आमचा मामा चाळीस वर्षे ओढतो, त्याला काही झाले नाही’ हे विधान दुसरीत एक माणूस टाकते. चारही भरल्याशिवाय तुलना होत नाही.

चारही चौकटी भरण्याचा मोठा प्रयत्न स्वीडनमध्ये झाला. तेथे १९६९-७० मध्ये सक्तीच्या लष्करी भरतीला आलेल्या तरुणांकडून अमली पदार्थांविषयी माहिती घेतली होती. अशा ४५,५७० जणांचा पंधरा वर्षे मागोवा घेऊन निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनिया (छिन्नमनस्कता) होण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळले. येथेही आयोगासारखीच शंका घ्यायला हवी. गांजा ओढणारी मुले आधीच वेगळी नसतील कशावरून? कोणाला घरची ओढाताण असेल, कोणाला आधीच मानसिक त्रास असेल, कोणी इतर नशाही करत असेल. संशोधकांनी अशा गोष्टींचा हिशेब वजा केला तेव्हा सहापट निम्म्यावर आली. पण शून्यावर आली नाही. पुढे इतर देशांतील अभ्यासांतही हेच चित्र दिसत गेले. युरोपातील काही शहरे आणि ब्राझील येथे झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका तिपटीच्या आसपास, आणि दहा टक्क्यांहून अधिक टीएचसी असलेला माल रोज ओढणाऱ्यांत जवळजवळ पाचपट आढळला.

या पटींचा अर्थ मुलांना आकड्यांत सांगावा. सोयीसाठी धरू की हजार माणसांत सुमारे दहांना हा आजार आयुष्यात कधीतरी होतो. धोका तिप्पट झाला तर तीस जणांना होईल. उरलेल्या नऊशे सत्तरांना होणार नाही. त्यामुळे मामाचे उदाहरणही खरे आणि धोकाही खरा. दोहोंत विरोध नाही. मात्र आपण तिसांत की नऊशे सत्तरांत, हे आधी सांगणारी चाचणी आज उपलब्ध नाही. घरात कोणाला असा आजार असेल तर धोका वाढतो, एवढे निश्चित. आणि या आजाराची सुरुवात बहुधा ज्या वयात होते, त्याच कुमारवयात व तरुणपणी गांजाचीही ओळख होते. मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे विचार करून स्वतःला थोपवणारा भाग, विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. त्या काळात वर सांगितलेली ‘बंद कर’ची व्यवस्था चेतापेशींच्या जोडण्या लावण्याचेही काम करत असते. म्हणून पंधराव्या वर्षीचा गांजा आणि पंचेचाळिसाव्या वर्षीचा गांजा यांना एकच नियम लावता येत नाही.

बुद्धिमत्तेविषयी मात्र जरा सबुरीने बोलावे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांचा मागोवा घेतला गेला. कुमारवयात सुरुवात करून पुढे वर्षानुवर्षे सवय टिकलेल्यांचा बुद्ध्यंक अडतिसाव्या वर्षापर्यंत सुमारे आठ गुणांनी घसरला, असे २०१२ साली जाहीर झाले. पण २०१६ साली जुळ्या भावंडांवरील अभ्यासात गांजा घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या जुळ्यांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे घर आणि आनुवंशिकता यांचा त्यात वाटा असावा. वाद मिटलेला नाही. नशेत असताना आणि त्यानंतर काही दिवस स्मृती व लक्ष मंदावते याबद्दल वाद नाही, आणि दहावीच्या वर्षाचे नुकसान करायला तेवढे पुरते.

इतर परिणामांकडे थोडक्यात पाहू. हृदयाचे ठोके वाढतात. हृदयविकार असलेल्याने याकडे दुर्लक्ष करू नये. धूर तो धूरच: गांजाच्या धुरातही डांबर व कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि आपल्याकडे तो बहुधा तंबाखूत मिसळूनच ओढतात, म्हणजे निकोटिनची सवय जोडीला फुकट. गरोदरपणात घेतल्यास बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका असतो. घेणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाला त्याची लत लागते; कुमारवयात सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण सहात एक इतके सांगितले जाते. दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आदल्या वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेतलेल्यांची संख्या देशात सुमारे ३ कोटी १० लाख होती, दारू घेणारे त्याच्या पाचपट होते. शिवाय मालही बदलतो आहे: अमेरिकेत जप्त केलेल्या गांजातील टीएचसी १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ मध्ये १२ टक्क्यांवर गेले.

औषधी उपयोग? आहेत, पण मोजके. लहान मुलांतील काही दुर्धर अपस्मारांवर याच झाडातील, नशा न आणणाऱ्या कॅनाबिडायॉलपासून केलेल्या औषधाला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. कर्करोगावरील उपचारांतील मळमळीवर टीएचसीसारखी औषधे वापरतात. अफूपासून मॉर्फिन मिळते म्हणून कोणी अफू खावी असे म्हणत नाही, तेच येथे लागू.

भांगेविषयी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी, कारण महाशिवरात्र आणि होळीच्या सुमारास गोंधळ होतो तो हिच्यामुळे. ओढलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो आणि दोन-चार तासांत ओसरतो. प्यायलेली वा खाल्लेली भांग आतड्यातून यकृतात आणि तेथून मेंदूत जायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात आणि परिणाम सहा-आठ तास किंवा त्याहूनही अधिक टिकतो. मुलगा एक पेला पितो, अर्धा तास काहीच होत नाही, मित्र हसतात, तो दुसरा पेला पितो. मग दोन्ही एकदम चढतात. छाती धडधडते, आपण मरणार असे वाटते, भास होतात. टीएचसी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. दूध, बदाम, तूप घालून केलेली थंडाई वा बर्फी म्हणूनच अधिक परिणामकारक ठरते. आजीबाईंना रसायनशास्त्र ठाऊक नसले तरी कृती अचूक होती. चरबीत साठल्यामुळे रोज घेणाऱ्याच्या लघवीत ते काही आठवड्यांनंतरही सापडते.

‘जबाबदारीने घेणे’ असे काही असते का, हाही प्रश्न शिबिरात आला. शाळकरी मुलाच्या बाबतीत आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे, कारण वर सांगितलेले वयाचे गणित. मोठ्यांच्या बाबतीत कायदा आड येतोच. तरीही सणाला घरात भांग होते, हे वास्तव आहे. तेथे निदान इतके पाळता येते: दुसरा पेला नको, जोडीला दारू नको, आणि त्या दिवशी कोणतेही वाहन नको. अपघाताचा धोका साधारण दीडपट ते दुप्पट होतो असे अभ्यास सांगतात, आणि मोटारसायकलवर मागे बहुधा बायको-मुले असतात. भांगेची मिठाई लहान मुलाच्या हाती लागली आणि ते पेंगू लागले तर उतरण्याची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांना खरे सांगावे. मोठ्या माणसाला जास्त झाली तर शांत खोलीत कोणीतरी सोबत बसावे. ताक-लिंबाने उतरत नाही, वेळाने उतरते. छातीत दुखणे, फिट येणे किंवा शुद्ध हरपणे दिसल्यास मात्र थांबू नये.

तिसरी चिठ्ठी काही शिक्षकांना फाडून टाकावीशी वाटली. आम्ही ती मोठ्याने वाचली. श्रद्धेचा प्रश्न विज्ञानाच्या तासाला सोडवायचा नसतो आणि पोथीतच काशीच्या गोसाव्याने नवसाचा गांजा आणल्याची कथा असल्यामुळे तो लपवण्याचेही कारण नाही. गजानन महाराजांनी समाधी घेतली १९१० साली; तेव्हा गांजा परवान्याच्या दुकानात मिळत होता, हे आयोगाच्या कहाणीत आलेच आहे. वर्गात एवढे म्हणता येते की त्या चित्रातून आपण काय घ्यावे हे घरी मोठ्यांना विचार. धूर फुप्फुसात गेल्यावर काय करतो हे आम्ही सांगू.

मग एक अनुभवी शिक्षिका म्हणाल्या, ‘हे सारे ठीक. पण एखाद्या पोराच्या दप्तरात पुडी सापडली तर काय करू?’ अशा वेळी शाळेतून काढून टाकण्याची घाई होते आणि तो मुलगा नेमका त्याच कट्ट्यावर जाऊन बसतो, जेथून पुडी आली. आधी एकांतात बोलावे, केव्हापासून आणि कोणाबरोबर हे विचारण्याआधी झोप, घर, अभ्यास यांविषयी विचारावे. तो भलतेच आवाज ऐकू येतात म्हणाला, सारे आपल्या विरुद्ध आहेत असे त्याला वाटू लागले असेल, तर ते शिस्तीचे प्रकरण नाही. त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायला हवे. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दोन निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहेत. लत लागलेला माणूस आपण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर अल्प मात्रेच्या वा सेवनाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवू नये अशी तरतूद १९८५ च्या कायद्यातच आहे, कलम ६४-अ. पालकांना हे कलम वाचून दाखवले की ते मुलाला डॉक्टरकडे न्यायला बहुतेक वेळा तयार होतात, असे त्या शिक्षिकांनी नंतर आम्हाला कळवले.